वाढत्या खोलीचे वाचक

ज्या माणसाची पहिली कथा मासिकात छापून आली आहे, त्याने त्या दिवशी नेमकं काय करावं हे कुठेही लिहून ठेवलेलं नाही. मी आपला सकाळी साडेसात ते सव्वाआठ आमच्या इमारतीच्या जिन्यात उभा राहिलो. एका हातात मासिक होतं. ते अगदी सहज हातात आहे असं वाटावं म्हणून दुसऱ्या हातात कचऱ्याची रिकामी बादली होती. पाऊण तासात अकरा जण वर-खाली गेले. त्यातल्या नऊ जणांनी बादलीकडे बघून कचऱ्याची गाडी येऊन गेली का असं विचारलं, एकाने वेळ विचारली आणि अकरावं मांजर होतं.

कथेचं नाव ‘सव्वा इंच’. आता ती तुम्ही वाचलेली असण्याची शक्यता कमी आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. (थोडक्यात सांगितली की तिची खुमारी जाते. इलाज नाही.) एक माणूस एका जुनाट घरात राहायला येतो. कपाट मावेल का ते बघायला मागची खोली मोजतो. दुसऱ्या दिवशी कपाट येतं तेव्हा पुन्हा मोजतो, तर खोली सव्वा इंचाने वाढलेली. तिसऱ्या दिवशी आणखी सव्वा इंच. मग त्याला मोजण्याचा नादच लागतो. नोकरी सुटते, मित्र सुटतात, बायको निघून जाते, हा आपला टेप घेऊन खोलीत. शेवटी खोली इतकी लांब होते की समोरची भिंत दिसेनाशी होते. तो टेपेचं एक टोक दाराला अडकवून ती भिंत गाठायला आत जातो आणि परत येत नाही. शेजारी येऊन बघतात, तर दाराला अडकवलेली टेप ताठ आहे आणि आतून कुणीतरी ती अजून ओढतंय.

हे शेवटचं वाक्य लिहिल्यावर मी स्वतः उठून दिवा लावला होता. दिवसा.

पहिली वाचक अर्थातच बायको. ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून वाचत होती आणि मी पाणी प्यायला आत जात होतो. तिच्या सहा पानांत माझं पाच ग्लास पाणी पिऊन झालं.

“कशी वाटली?”

“चांगली आहे की.” तिने मासिक मिटलं. “पण तो माणूस जेवत कुठे होता?”

“अगं, तो झपाटलेला आहे!”

“झपाटलेल्याला भूक लागत नाही? बायको निघून गेली चौथ्या पानावर. पुढची दोन पानं त्याच्या पोटात काही नाही. मी माहेरी गेले तर दुसऱ्या दिवशी दुपारी तुमचा फोन येतो, साखर कुठे ठेवलीस म्हणून.”

मराठी साहित्याची वाट अशा चौकशांनीच अडलेली आहे असं माझं मत झालं. ग्लास विसळून ठेवला आणि ऑफिसला गेलो.

मी वजनमापे खात्यात हेडक्लार्क आहे. बाजारातल्या तराजूंची, वजनांची, मापांची तपासणी हे आमचं काम. माझ्या टेबलावरून आजवर इतके किलो, लिटर आणि मीटर गेले असतील की एखाद्याला छाती फुगवून सांगता यावं. पण ऐकायला कुणी थांबत नाही. त्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या टेबलाच्या काचेवर मासिक उघडं पडलेलं होतं. साहेबांनी वाचलं! मी आधीच थोडं विनम्र हसून ठेवलं.

“बसा,” साहेब म्हणाले. “कथेत इंच वापरलाय तुम्ही.”

“हो साहेब. म्हणजे शीर्षकच तसं…”

“आपलं खातं कोणतं?”

“वजनमापे.”

“आपल्या खात्यात इंच चालतो?”

“नाही साहेब. मीटर, सेंटिमीटर.”

“मग खात्याचा जबाबदार कर्मचारी छापील मजकुरात इंच कसा वापरतो?”

मी हसू आवरलं. ते आवरायला जरा वेळ लागला, कारण चांगलं रुंद पसरलेलं होतं. “साहेब, ते घर जुनं आहे. त्यातलं जे काही आहे… तेही जुनंच आहे. मेट्रिक येण्याच्या आधीचं.”

“कथेत तसा उल्लेख?”

“‘जुनाट’ असा शब्द आहे साहेब. पान अठरा, दुसरी ओळ.”

“जुनाट म्हणजे कुठल्या सालचं?”

भुताचं साल मला सांगता आलं नाही. साहेबांनी तीन प्रतींत लेखी खुलासा मागितला. खुलासे लिहिण्यात माझा हातखंडा आहे. खरं सांगायचं तर माझी शैली घडली ती खुलाशांवरच. मी लिहिलं, ‘विषयांकित भूत हे प्रचलित मापनपद्धती लागू होण्यापूर्वीपासून सदर जागेत वास्तव्यास असल्याने त्यास जुने माप सवयीचे असावे, अशी अस्मादिकांची प्रामाणिक समजूत होती.’ दोन दिवसांनी कागद परत आला. त्यावर साहेबांच्या लाल शाईत शेरा होता : ‘सव्वा इंच म्हणजे ३.१७५ सें.मी. पुढील आवृत्तीत दुरुस्ती करावी.’

दुसऱ्या कुणाला या शेऱ्याचं वाईट वाटलं असतं. माझं लक्ष एकाच शब्दावर खिळलं. आवृत्ती! ती पुढची निघणार आहे असं या जगात निदान एका माणसाला वाटत होतं, आणि तो राजपत्रित अधिकारी होता. मी त्या शेऱ्याची झेरॉक्स काढून घेतली.

खरी खळबळ मात्र इमारतीत उडाली. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक विमावाले राहतात. गृहस्थ सज्जन, पण कुठलीही गोष्ट ऐकली की तिच्यात नुकसान कुणाचं झालं हे आधी शोधणार. धंद्याची सवय. त्यांनी कथा वाचली आणि गंमत म्हणून आपली बाहेरची खोली मोजली. मग गंमत संपली. खरेदीच्या कागदावर होती त्यापेक्षा खोली साडेचार इंचांनी कमी भरली.

रविवारी सकाळी त्यांनी आमची बेल वाजवली. हातात टेप, पाठीमागे त्यांची पत्नी, तिच्या पाठीमागे सोसायटीचे सेक्रेटरी.

“तुमची कथा वाचली,” विमावाले म्हणाले.

“या, या! बसा ना!” मी म्हणालो. मला वाटलं, शिष्टमंडळ आलंय.

“बसायला नाही आलो. आपल्या दोघांच्या मधली भिंत एकच ना?”

“हो.”

“आमची खोली साडेचार इंच कमी झालीय. आणि तुम्ही तर छापून सांगितलंयत की तुमची वाढतेय.”

“माझी नाही हो! कथेतल्या माणसाची!”

“कथेतला माणूस कुठे काम करतो?” त्यांनी वकिलासारखं बोट उचललं.

“मापांच्या… ऑफिसात.”

“त्याची बायको त्याला काय म्हणते? ‘साखर कुठे ठेवलीय तेही ठाऊक नसतं तुम्हाला.’ पान एकोणीस. सेक्रेटरी, लिहून घ्या. अहो, ही सरळसरळ कबुली आहे! माणसाचं मन खातं, मग ते असं कुठूनतरी बाहेर पडतं.”

आतून बायको म्हणाली, “ते साखरेचं मात्र खरं आहे.”

त्या एका आठवड्यात इमारतीतल्या चोवीसच्या चोवीस घरांनी आपापल्या खोल्या मोजल्या. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातल्या टेपा संपल्या. मी रस्त्याने जाताना तो दुकानदार उभा राहून नमस्कार करायला लागला. लेखक म्हणून मला मिळालेला हा पहिला सार्वजनिक सन्मान, आणि तो मी अजिबात घाई न करता, पावलं मोजत स्वीकारत असे. तळमजल्यावरच्या बाईंचं स्वयंपाकघर दोन इंच जास्त भरलं. त्यांनी ही गोष्ट कुणालाच सांगायची नाही असं ठरवलं आणि सगळ्यांना सांगितली. तिसऱ्या मजल्यावरचे दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. जो भेटेल तो मापं सांगायचा. ‘कथा कशी वाटली?’ असं मी विचारलं की समोरचा म्हणायचा, ‘उंची मोजायची राहिलीय अजून.’

शेवटी गच्चीवर सभा भरली. सगळ्यांच्या साक्षीने आमची खोली मोजायचं ठरलं. पंधरा माणसं आमच्या बाहेरच्या खोलीत बुटांसकट घुसली, सोफा गॅलरीत गेला, आणि खोली बरोब्बर कागदावरच्या मापाची निघाली. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून, निर्दोष माणसाने उभं राहावं तसा उभा राहिलो. मग सगळा जथा विमावाल्यांकडे वळला. तिथे त्यांची आई पलंगावर बसून चष्मा पुसत होती. तिने विचारलं, काय हरवलंय. विमावाले म्हणाले, आई, साडेचार इंच.

म्हातारीने हात लांब करून भिंतीवर टकटक केलं. आवाज पोकळ आला.

“तीन वर्षांपूर्वी या फळ्या ठोकून घेतल्यास ना, भिंतीला ओल दिसते म्हणून? सुतार चांगली जाड चौकट घालतोय, तेव्हा मी म्हटलं होतं, एवढी कशाला. ऐकलंस का माझं?”

पंधरा माणसं जिना उतरायला लागली. विमावाले मात्र खचले नाहीत. दारात मला गाठून म्हणाले, “ते ठीक आहे हो. पण मुळात तुम्ही गोष्ट लिहिलीतच कशाला?”

या प्रश्नाचं उत्तर मी बरेच दिवस मनात तयार करत होतो. तेवढ्यात ते पत्र आलं.

संपादकांनी माझ्याकडे वाचकांची तीन पत्रं पाठवली होती. पहिल्यात ‘दीर्घ’ या शब्दातला ईकार मी कुठे चुकवला ते लिहिलं होतं. दुसरं एका गृहस्थांचं होतं. त्यांनी स्वतः एक कथा लिहिली होती आणि सोबत जोडली होती. तिसरं पत्र निळ्या शाईतलं, ओळी तिरक्या, सही नाही :

‘तुमची गोष्ट यांनी वाचली. त्या दिवसापासून हे घर मोजताहेत. आज एक्केचाळिसावा दिवस. जेवायला हाक मारली तर म्हणतात, एवढी भिंत होऊ दे. मी गोष्ट वाचली नाही, मला वेळ नाही. तुम्ही लिहिलीत, तुम्ही येऊन थांबवा. पत्ता खाली दिला आहे. फोन करू नका, तो हेच उचलतात.’

मी ते पत्र तीनदा वाचलं आणि मला उभ्या जागी घाम फुटला. आनंदाचा! एक्केचाळीस दिवस! माझ्या सहा पानांनी एका जिवंत माणसाला एक्केचाळीस दिवस धरून ठेवलं होतं. मोठमोठ्या लेखकांना मिळत नाही असा वाचक मला पत्त्यासकट मिळाला होता.

“अरे रे,” मी बायकोला म्हणालो. “जायला हवं. माणुसकी म्हणून.”

बायको पत्र वाचून गंभीर झाली. मग तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. “तिकडे एक माणूस वेडा व्हायची वेळ आलीय आणि तुम्ही इस्त्रीचा शर्ट शोधताय.”

“पहिल्यांदा भेटायचं, तर जरा…”

“मीपण येते,” ती म्हणाली. “तिथे दोघांना आवरायला लागलं तर?”

मी माझी पोलादी टेप खिशात टाकली. ती ऑफिसातल्या प्रमाणित मापाशी पडताळून घेतलेली आहे. तिच्यात केसाचाही फरक नाही. बोलून पटलं नाही तर मोजून दाखवायचं, असा माझा बेत होता.

घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका अरुंद गल्लीत, तळमजल्यावर होतं. दार साठीच्या एका बाईंनी उघडलं. आम्ही कोण ते सांगताच त्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि आत बोट दाखवलं. “ते बघा. आता तुमचं तुम्ही निस्तरा.”

आत एक उंच, वाळका म्हातारा भिंतीशी उकिडवा बसला होता. गळ्यात कापडी टेप, कानावर खडू, नाकाच्या टोकावर चष्मा. आयुष्यभर शिवणकाम केलेला टेलरमास्तर. दोन वर्षांपूर्वी दुकानाची जागा गेली, तेव्हापासून घरी होता. मी लेखक असल्याचं ऐकताच तो ताडकन उठला, इतक्या जोरात की मला वाटलं आता मिठी मारणार.

“तुम्ही चुकीचं लिहिलंयत,” मास्तर म्हणाला.

“म्हणजे?”

“घर वाढत नाही. घर आकसतं!”

आणि त्याने माझ्यासमोर एक जाडजूड वही उघडली. ती दुकानातली गिऱ्हाइकांच्या मापांची वही होती, मागची पानं कोरी राहिलेली. त्या पानांवर घराची मापं होती. पण ती लिहिली होती गिऱ्हाइकाची लिहावीत तशी. बाहेरची खोली : छाती एकशे चव्वेचाळीस. बोळ : बाही अमुक. मोरी : कॉलर तमुक. रोजची तारीख, रोजचं माप. पहिल्या दिवशी छाती एकशे चव्वेचाळीस इंच, आठवड्याने पाव इंच कमी, पंधरवड्याने पाऊण इंच कमी, आणि आज एकशे साडेएक्केचाळीस.

“अडीच इंच!” मास्तरचे डोळे चमकत होते. “बावन्न दिवसांत घर अडीच इंच आत आलंय. पन्नास वर्षं मापं घेतली मी, माझा हात चुकत नाही. तुमची कल्पना चांगली आहे, पण तुम्ही ती उलटी घातलीत. आतली बाजू बाहेर.”

माझ्या आयुष्यातल्या सर्वांत उत्कट वाचकाने माझी कथा उसवून माझ्या हातात दिली होती. इतक्यात तो पुन्हा भिंतीशी गेला. टेपेचं पितळी टोक त्याने एका खिळ्याला अडकवलं आणि दुसरं टोक मुठीत धरून, पाय रोवून, चांगला झोक देऊन ताणलं.

“इतकी ताणता?” मी विचारलं.

“ढिली राहिली तर माप चुकतं.”

माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला. लेखक त्या वेळी जरा जखमीच होता. मी खिशातून पोलादी टेप काढली, जमिनीवर उलगडली आणि म्हटलं, “मास्तर, तुमची टेप हिच्या शेजारी ठेवा बघू.”

दोन्ही टेपा शेजारी-शेजारी पडल्या. सुरुवातीला जुळल्या. मग हळूहळू त्याचा प्रत्येक आकडा माझ्या त्याच आकड्याच्या पुढे पुढे सरकायला लागला. त्याचे साठ संपले तेव्हा माझे एकसष्ट झाले होते, वर केसभर. बावन्न दिवस रोज चार-चार वेळा ताणून ताणून टेप लांबली होती. लांबलेल्या टेपेला घर कमी भरत होतं. घर होतं तिथेच होतं. मी बाहेरची खोली माझ्या टेपेने मोजून दाखवली : एकशे चव्वेचाळीस.

खरं सांगतो, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. घर वाढत नसेल, पण निदान आकसतही नव्हतं. एका बाजूने तरी माझी लाज राखली गेली.

मास्तरने गुडघ्यावर बसून त्या दोन टेपांकडे बघितलं. मग त्याने आपली टेप गुंडाळली, वही मिटली, कानावरचा खडू काढून खिडकीच्या पट्टीवर ठेवला. खिडकीशी एक वेताची खुर्ची होती. तिच्यात जाऊन बसला आणि बाहेर बघायला लागला. बाहेर समोरच्या घराची मागची भिंत होती.

“झालं बघा, मावशी,” मी हळूच म्हणालो. “आता नाही मोजणार.”

मावशी स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी चहा टाकला. कप मास्तरच्या हाताशी ठेवला. त्याने तो उचलला नाही. त्या मला स्वयंपाकघराच्या दारात घेऊन आल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला.

“दुकान गेल्यापासून दोन वर्षं तिथेच बसले होते हो. त्याच खुर्चीत. असेच. बोलायचे नाहीत, की रागवायचे नाहीत. तुमची गोष्ट वाचली आणि उठले. मी म्हटलं, चला, उठले तर. पण जेवणाखाण्याची शुद्ध नाही, म्हणून पत्र टाकलं. मला एवढंच हवं होतं की वेळेवर जेवायला यावं. पुन्हा बसवून ठेवा असं मी कुठे लिहिलं होतं?”

माझा इस्त्रीचा शर्ट मला एकदम काचायला लागला. दिवसभर ज्या माणसाला मी माझं यश समजत होतो, त्याला मी सात मिनिटांत, केसभरही चूक न करता, खुर्चीत परत बसवलं होतं. काहीतरी बोलायला हवं होतं. खुलासा असता तर तीन प्रतींत लिहिला असता. तोंडी मला एक शब्द जमेना.

बायको मात्र खाली वाकून मास्तरची टेप उचलत होती. ती उलगडून तिने आपल्या हाताला लावून बघितली. मग स्वतःशीच बोलावं तसं मोठ्याने म्हणाली, “म्हणून माझ्या बाह्या कधी नीट बसत नाहीत. आमच्या टेलरची टेपही वीस वर्षांची आहे. सारखी ओढत असतो.”

खुर्चीतलं डोकं किंचित हललं.

“मास्तर,” तिने विचारलं, “ही फक्त तुमचीच ढिली झालीय, की सगळ्यांच्याच होतात?”

मास्तरने मान वळवली. “कापडी आहे. होणारच.”

“मग बाकीचे टेलर काय करतात?”

“काय करतात?” मास्तर चिडून म्हणाला. “काही करत नाहीत! तुटेपर्यंत वापरतात! मी तरी काय केलं? पन्नास वर्षं एकदा तपासली नाही…” तो थांबला. माझ्या पोलादी टेपेकडे त्याने बघितलं. मग माझ्याकडे. “या बाजारात सतरा दुकानं आहेत.”

“सतरा?” मी म्हणालो.

“सतरा दुकानं, सतरा टेपा. अंगावर कपडे चढवून अख्खं गाव फिरतंय आणि एकाचंही माप खरं नाही!” तो उभा राहिला होता. त्याने चहा एका घोटात संपवला, वही काखेत मारली, खडू कानावर चढवला. “चला. तुमची ती लोखंडी घ्या.”

“पोलादी आहे,” मी म्हणालो, पण तो दाराबाहेर होता.

मावशी मागून ओरडल्या, “जेवायला किती वाजता?”

“दोन दुकानं झाली की!” तो गल्लीतून ओरडला. ओरडला! माझी बायको आणि मावशी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या, आणि मी म्हाताऱ्याला गाठायला चक्क पळत सुटलो.

पहिल्या दुकानात आम्हाला अर्धा इंच फरक सापडला. तिथला टेलर आधी भांडला, मग त्याने स्वतःच्या अंगातल्या शर्टाची बाही बघितली. मास्तरने वहीत दुकानाच्या नावापुढे ‘अर्धा इंच ढिली’ असं लिहिलं, खाली तारीख टाकली. माझ्या हृदयाचे ठोके असे पडत होते, जसे मासिक हातात आलं तेव्हाही पडले नव्हते. चोवीस वर्षं वजनमापे खात्यात काढली, पण मोजण्यात एवढा थरार असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरं दुकान मोठं होतं. चार मशिनं, पाच-सहा गिऱ्हाइकं. मालक कपाळाला आठ्या घालून म्हणाला, “तुम्ही कोण? आणि आमच्या टेपेशी तुमचा काय संबंध?”

“हे वजनमापे खात्यातले,” मास्तरने माझी ओळख करून दिली. “लेखकही आहेत. यांनी एक गोष्ट लिहिलीय, मोजण्याच्या नादाला लागलेल्या माणसाची.”

“कसली गोष्ट?”

“धरा,” मास्तरने टेपेचं टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं टोक घेऊन काउंटरच्या त्या बाजूला गेला. “एक माणूस असतो. जुनाट घरात राहायला येतो. एक दिवस सहज खोली मोजतो. दुसऱ्या दिवशी मोजतो, तर खोली पाव इंचाने आत आलेली.”

‘बाहेर गेलेली,’ असं मी म्हणणार होतो. पण एक मशिन थांबलं होतं.

“तिसऱ्या दिवशी अजून पाव. कपाट बसेना, तर हा कपाटाचे पाय कापतो. पलंग बसेना, तर पलंगाची एक फळी काढतो. बायको म्हणते, अहो, घर सोडू या. हा म्हणतो, थांब, अजून दोन बोटं जागा आहे. बायको गेली. जेवणाची एक बशी ठेवून गेली, ती खायलाही त्याला कोपर बाहेर काढता येईना.”

दुसरं मशिन थांबलं. एक बाई हातातलं कापड तसंच धरून पुढे आली.

“भिंती खांद्याला लागल्या,” मास्तर हलक्या आवाजात म्हणाला. “मग पाठीला. मग काखेत काचायला लागल्या. आता कसं झालं, घरात राहतोय असं त्याला वाटेचना. घर अंगात घातलंय असं वाटायला लागलं. फिटिंग एकदम पक्कं. कुठे सुरकुती म्हणून नाही. आणि एके सकाळी बघतो तर छातीवर, दरवाजा होता त्या जागी, वरपासून खालपर्यंत एक शिवण.”

“अरे बाप रे,” मालक म्हणाला. “उसवायची मग!”

“उसवायला कातर लागते. कातर कुठे होती?” मास्तरने चष्म्यावरून सगळ्यांकडे एकदा फिरून बघितलं, आणि गप्प बसला.

चारही मशिनं बंद होती. पाच-सहा गिऱ्हाइकं, मालक, त्याचे कारागीर, कुणी पापणी लववत नव्हतं. काउंटरवर दोन टेपा पडल्या होत्या आणि त्यांच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं. पोलादी टेपेचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरून मी काउंटरवर पुढे वाकलो होतो.

“मास्तर,” मी म्हणालो, “मग? पुढे काय झालं?”